अपस्मार : औषधापलीकडचा इतिहास

अपस्मार ह्या रोगाला आपल्याकडे अनेक नावे आहेत. कोणी त्याला फिट म्हणतो, कोणी मिरगी, कोणी फेफरे किंवा आकडी. ज्याच्या घरात हा रोग आहे तो मात्र बहुधा ह्यांपैकी कोणतेच नाव घेत नाही. ‘त्याला कधीकधी जरा तसे होते’ एवढे म्हणून तो विषय बदलतो. मधुमेहाविषयी माणसे लग्नाच्या पंगतीत बोलतात, रक्तदाबाविषयी तर जवळजवळ अभिमानाने बोलतात. अपस्माराविषयी मात्र सख्ख्या शेजाऱ्याला कळू देत नाहीत. रोग शरीराचा असूनही त्याची लाज घराण्याला का वाटावी, हा इतिहासाने विचारावयाचा प्रश्न आहे.

ह्या रोगाला दोन इतिहास आहेत. एक रोगाचा आणि त्याच्यावरील औषधांचा. तो वैद्यकाच्या पुस्तकांत सविस्तर लिहिलेला असतो. दुसरा इतिहास रोग झालेल्या माणसाचा : त्याला शाळेत बसू दिले काय, नोकरी दिली काय, लग्न करू दिले काय, आणि लोकांत उजळ माथ्याने वावरू दिले काय. हा दुसरा इतिहास कायद्याच्या कलमांत, न्यायालयांच्या निकालांत आणि काही थोड्या संस्थांच्या कामात विखुरलेला आहे. ज्यांच्या फिट औषधाने थांबल्या ते पहिल्या इतिहासाच्या पुण्याईने सुखी झाले. ज्यांच्या थांबल्या नाहीत अशा प्रौढ स्त्रीपुरुषांचे सुखदुःख मात्र पुष्कळसे दुसऱ्या इतिहासावर अवलंबून आहे, आणि त्यांच्याविषयीच येथे मुख्यत्वे लिहावयाचे आहे.

प्रथम हा प्रश्न आपल्या गावाचा आहे काय, ते पाहू. मुंबईतील पारशी वसाहतींत घरोघर जाऊन १४ हजारांवर लोकांची पाहणी डॉ. नादिर भरुचा व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. ती १९८८ साली प्रसिद्ध झाली आणि ह्या रोगाच्या भारतीय गणनेत ती महत्त्वाची मानली जाते. पुढे १९९९ साली देशभरच्या अशा अनेक पाहण्या एकत्र करून श्रीधरन व मूर्ती ह्या दोन संशोधकांनी जो हिशेब मांडला, त्यात दर हजारी पाचाहून थोडे अधिक असे प्रमाण निघाले. आता मीरा-भाईंदरकडे पाहा. मिठागरे, भातशेती आणि उत्तनच्या कोळीवाड्यांची ही वस्ती; १९८५ साली पाच ग्रामपंचायती एकत्र करून तिची नगरपालिका झाली आणि २००२ साली महानगरपालिका. २०११ च्या शिरगणतीत लोकसंख्या ८,०९,३७८ भरली. हजारी पाच धरले तरी ह्या एका शहरात त्या वर्षी सुमारे चार हजार लोकांना हा रोग असला पाहिजे. आणि त्यांतील तिसरा हिस्सा औषधांना पुरती दाद न देणारा धरला, तर बाराशे-तेराशे माणसे. हा नुसता अजमास आहे. प्रत्यक्ष मोजणी नव्हे. पण अजमास अर्ध्याने चुकला असे मानले तरीही एखाद्या मोठ्या शाळेचा पट भरेल इतकी ही माणसे आहेत. आपण त्यांना रोज फलाटावर, बाजारात, जिन्यात भेटतो. ओळखत नाही, एवढेच.

‘तिसरा हिस्सा’ हा आकडा कोठून आला, हेही सांगितले पाहिजे. २००० साली ग्लासगो येथील क्वान आणि ब्रॉडी ह्या दोन वैद्यांनी ५२५ रुग्णांचा अनेक वर्षांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पहिल्याच औषधाने ४७ टक्के रुग्णांच्या फिट थांबल्या. दुसऱ्या औषधाने आणखी १३ टक्क्यांच्या थांबल्या. तिसरे औषध किंवा औषधांच्या जोड्या देऊन अवघ्या ४ टक्क्यांची भर पडली. राहिलेले सुमारे ३६ टक्के तसेच राहिले. ह्या अनुभवावरून १९०९ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय अपस्मार-विरोधी संघाने २०१० मध्ये व्याख्या ठरविली : योग्य निवडलेली, योग्य मात्रेत घेतलेली आणि रुग्णाला सोसवलेली दोन औषधे देऊनही फिट थांबत नसतील, तर तो अपस्मार औषधांना दाद न देणारा समजावा.

ह्या व्याख्येतील ‘योग्य’ हा शब्द फार मोलाचा आहे. गोळी चुकविली, परवडत नाही म्हणून अर्धीच घेतली, उपासाच्या दिवशी सोडली, किंवा मुळात रोग अपस्मार नसून मनावरील ताणाने येणारे तसे दिसणारे झटके असले, तर तो दोष औषधाचा नव्हे. म्हणून ‘औषध लागू पडत नाही’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाची पहिली पायरी मज्जातंतुतज्ज्ञाकडून पुन्हा नीट तपासणी ही होय. तेथे कित्येकांचे कोडे सुटते. ज्यांचे सुटत नाही त्यांची कथा तेथून पुढे सुरू होते.

रोगाचा इतिहास फार जुना आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात दहावा अध्याय अपस्माराचा आहे. स्मृतीचा अपगम, म्हणजे भान हरपणे, असा ह्या नावाचा अर्थ. चरकाने रोगाचे चार प्रकार केले, ते वात, पित्त, कफ आणि तिन्हींचा संनिपात ह्यांवरून. त्यांची उपपत्ती आज कोणी मानो वा न मानो, त्यात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. एक, लक्षणे आणि उपचार शरीराच्या अंगाने मांडलेले आहेत. दुसरी ह्याहून जिव्हाळ्याची : अशा रोग्याला पाणी, अग्नी, झाडे, डोंगर आणि अवघड जागा ह्यांपासून नेहमी जपावे, कारण ही तत्काळ प्राण घेतात, असे तेथे बजावलेले आहे. औषध हाती असो वा नसो, माणूस सांभाळावयाचा आहे, ही दृष्टी त्यात आहे. ग्रीक परंपरेत हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेला एक ग्रंथ ह्याच रोगावर असून, लोक ज्याला पवित्र रोग म्हणतात तो इतर रोगांहून अधिक पवित्र मुळीच नाही आणि त्याचे मूळ मेंदूत आहे, असे त्यात म्हटले आहे. तो ख्रिस्तपूर्व सुमारे ४०० मधला. म्हणजे भुताखेतांवाचून विचार करणारी माणसे दोन्हीकडे होती; लोकांनी त्यांचे ऐकले नाही.

आधुनिक औषधांचा इतिहास १८५७ पासून मोजतात. त्या वर्षी लंडनच्या चार्ल्स लोकॉक ह्याने ब्रोमाइडचा उपयोग सांगितला. १८७० नंतरच्या दशकात हूलिंग्ज जॅक्सन ह्याने, मेंदूच्या पेशींतून अकस्मात व अनावर होणारा स्राव म्हणजे फिट, अशी उपपत्ती मांडली. १९१२ मध्ये जर्मनीत हाउप्टमान ह्याला फेनोबार्बिटलचा गुण आढळला. १९२९ मध्ये हान्स बेर्गर ह्याने मेंदूतील विजेच्या लहरी कागदावर उमटविल्याचे जाहीर केले, आणि त्यातून आजचा ईईजी निघाला. १९३८ मध्ये मेरिट आणि पुटनम ह्यांनी फेनिटॉइन पुढे आणले. त्यानंतर कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट आणि गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांतील नवी औषधे आली. आता औषधांची संख्या वीसच्या वर गेली आहे. नव्या औषधांचा त्रास पुष्कळदा जुन्यांपेक्षा कमी असतो, हा त्यांचा मोठा उपकार. परंतु दाद न देणाऱ्यांचे प्रमाण त्यांनी फारसे हलविलेले नाही. एका शतकाच्या यशाच्या शेवटी तिसरा हिस्सा दाराबाहेर उभाच राहिला.

त्यांतल्या काहींसाठी शस्त्रक्रियेचे दार उघडले. १८८६ मध्ये लंडनला व्हिक्टर हॉर्स्ली ह्याने फिटचा उगम असलेला मेंदूचा भाग काढला. पुढे कॅनडात मॉन्ट्रियल येथे वाइल्डर पेनफिल्ड ह्याने ह्या विद्येला शास्त्राचे रूप दिले. त्याच्या हाताखाली शिकलेले डॉ. जेकब चांडी वेल्लोरला आले आणि ऑगस्ट १९५२ मध्ये त्यांनी तेथे भारतातील पहिली अपस्मार-शस्त्रक्रिया केली. ईईजीची बाजू डॉ. बलदेव सिंग ह्यांनी सांभाळली. स्वातंत्र्यानंतर पाचच वर्षांत झालेले हे काम पुढे मात्र मंदावले. एम. आर. आय. आणि दिवसरात्र रुग्णाचे चित्रण करीत घेतलेला व्हिडिओ-ईईजी ही साधने आल्यावर त्याला पुन्हा गती मिळाली. १९९५ मध्ये त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. के. राधाकृष्णन ह्यांच्या पुढाकाराने अपस्मार-शस्त्रक्रियेचे पद्धतशीर काम सुरू झाले. आज मुंबईतील मोठ्या रुग्णालयांतही ही सोय आहे. भाईंदरच्या माणसाला त्यासाठी आगगाडीने तास-दीड तास जावे लागते, परप्रांती जावे लागत नाही.

ह्या शस्त्रक्रियेचा गुण किती? २००१ मध्ये कॅनडातील वीब व त्यांच्या सहकाऱ्यांनी शंखभागातील, म्हणजे कानशिलामागच्या खंडातील, अपस्मार असलेल्या ८० रुग्णांवर चाचणी केली. वर्षअखेरीस शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के जण भान हरपविणाऱ्या फिटमधून मुक्त होते. केवळ औषधाच्या गटात ८ टक्के. २०१७ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने ११६ मुलांवर केलेल्या चाचणीत हेच प्रमाण ७७ आणि ७ टक्के आले. म्हणजे योग्य निवड झाली तर हे साधन प्रभावी आहे. तथापि फिट मेंदूच्या एकाच जागी उगम पावत असली पाहिजे, आणि ती जागा बोलण्याचे, हालचालीचे किंवा स्मृतीचे फार नुकसान न करता काढता आली पाहिजे. ज्यांना ही अट लागू होत नाही त्यांच्यासाठी स्निग्ध पदार्थांवर भर देणारा विशेष आहार आणि मानेतील व्हेगस नाडीला विजेची सूक्ष्म चालना देणारे यंत्र असे उपाय आहेत. त्यांनी फिट पुष्कळदा कमी होतात, पण क्वचितच पूर्ण थांबतात. हे सर्व करूनही काही माणसे उरतात. पहिला इतिहास त्यांना येथे सोडतो.

आता दुसऱ्या इतिहासाकडे वळू. पाश्चात्त्य देशांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा रोग्यांसाठी वसाहती निघाल्या. जर्मनीतील बीलफेल्डजवळची बेथेल ही १८६७ ची, इंग्लंडमधील चॅल्फंट ही १८९४ ची. तेथे राहणे, शेती, सुतारकाम अशी सोय होती. हेतू दयेचा होता, आणि रस्त्यावर पडणाऱ्याला छप्पर मिळाले हे खरेच. पण दयेबरोबर एक भिंतही आली. रोगी समाजाबाहेर बरा, ही समजूत त्या भिंतीने पक्की केली. कायदा त्याच वाटेने आणखी पुढे गेला. अमेरिकेतील कनेक्टिकट संस्थानाने १८९५ मध्ये अपस्मारी व्यक्तीच्या विवाहाला मनाई केली. असे कायदे त्या देशातून पूर्णपणे जाण्यास १९८० उजाडले. जर्मनीने १९३३ मध्ये आनुवंशिक अपस्मार असलेल्यांच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. इंग्लंडने १९३७ च्या कायद्याने, वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके येणाऱ्या व्यक्तीचा विवाह रद्द करण्याजोगा ठरविला. वेड आणि अपस्मार ह्यांना एका वाक्यात बसविणारे ते कलम इंग्लंडने स्वतः १९७१ मध्ये काढून टाकले.

आपल्याकडे काय झाले? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मूळ अट मनोदौर्बल्य आणि वेड ह्यांपुरती होती. अपस्माराचा उल्लेख तीत नव्हता. मुंबई उच्च न्यायालयापुढे ह्या सुमारास एक दावा आला. पत्नीचा अपस्मार लग्नाआधी लपविला, ही फसवणूक आहे, म्हणून विवाह रद्द करावा, अशी पतीची मागणी होती. १९७२ च्या न्यायनिवाड्यांत छापलेल्या ह्या निकालात न्यायालयाने ती मान्य केली नाही. बरा होऊ शकणारा असा आजार सांगितला नाही, एवढ्याने कायद्याच्या अर्थाने कपट होत नाही, असे ठरले. लपवणे चांगले, असा त्याचा अर्थ नव्हे. आजारापायी लग्न मोडावयाचे नाही, हा त्याचा अर्थ.

आणि मग १९७६ साली संसदेने विवाहविषयक कायद्यांत दुरुस्ती केली. तीत ‘वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके’ हे शब्द आले. इंग्लंडने पाच वर्षांपूर्वी टाकून दिलेली जोडी आपण उचलली. हिंदू विवाह कायद्याखाली असा विवाह रद्द करून घेता येऊ लागला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तर तो मुळातच शून्य ठरू लागला. फेनिटॉइन येऊन तेव्हा ३८ वर्षे लोटली होती. रोग मेंदूचा आहे, मनाचा नव्हे, हे प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला ठाऊक होते. तरीही जे विज्ञानाने वेगळे केले ते कायद्याने पुन्हा एकत्र बांधले.

ह्या कलमाचा परिणाम न्यायालयात आलेल्या खटल्यांवरून मोजू नये. खरा परिणाम घरात झाला. ज्या मुलीला वर्षातून एखादी फिट येई, तिच्याही आईबापांनी तोंडाला कुलूप लावले. लग्न ठरले की गोळ्यांची बाटली सामानाच्या तळाशी गेली. लग्नाची धावपळ, हळदीचे जागरण, उपवास, अनोळखी घर आणि चुकलेली गोळी : फिट येण्यास जे जे कारण होते ते सर्व त्याच चार दिवसांत एकत्र येई. झोप मोडणे आणि औषध चुकणे ही फिटची सर्वांत मोठी निमित्ते आहेत. म्हणजे जे लपवावयाचे तेच लपवण्यामुळे उघडे पडे, आणि मग मुलगी माहेरी परत येई. मुलग्याची कथा निराळी, पण सुखाची नव्हे. नोकरीच्या अर्जावर तो ‘निरोगी’ असे लिही, आणि पहिली फिट कचेरीत आली की दुसऱ्या दिवसापासून घरी बसे.

हे कलम घालविण्याचे काम कोणी केले? ह्या ठिकाणी मुंबईचा उल्लेख आदराने केला पाहिजे. १९७० साली डॉ. एडी भरुचा ह्यांच्या पुढाकाराने इंडियन एपिलेप्सी असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. उपचार करणाऱ्यांनी उपचारापलीकडचे पाहावे, हा तिचा विशेष. रोगी, त्यांचे नातलग आणि वैद्य हे एका संस्थेत बसू लागले, आणि विवाहाचा कायदा बदलावा हा विषय ह्या मंडळींनी लावून धरला. अखेर १९९९ साली विवाहविषयक कायद्यांत पुन्हा दुरुस्ती झाली. दोन्ही कायद्यांतून ‘किंवा अपस्माराचे’ एवढे शब्द वगळण्यात आले. एक-दोन शब्द, पण ते घालविण्यास २३ वर्षे लागली. तेवढ्यात एक पिढी लग्नाच्या वयात आली आणि त्यातून निघूनही गेली.

कायदा बदलला तरी दावे थांबले नाहीत. पत्नीला अपस्मार आहे ह्या कारणावरून घटस्फोट मागणारा एक पती मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. २०२३ साली न्यायालयाने निकाल दिला की, अपस्मार हा असाध्य रोग नव्हे आणि मानसिक विकारही नव्हे. तो घटस्फोटाचे कारण होऊ शकत नाही. १९७२ ते २०२३ ह्या पन्नास वर्षांत आपल्याच उच्च न्यायालयाला एकच गोष्ट दोनदा सांगावी लागली, ह्यात समाजाच्या गतीचे माप मिळते.

कायद्याने अडथळा दूर होतो; सोबत मिळत नाही. सोबतीचे काम स्वमदत गटांनी केले. मुंबईत ‘सम्मान’ हा गट आहे. पुण्यात २००४ साली यशोदा वाकणकर ह्यांनी ‘संवेदना’ सुरू केली. लेखक आणि कार्यकर्ते डॉ. अनिल अवचट ह्यांच्या त्या कन्या. लहानपणापासून अपस्मार सोसून शस्त्रक्रियेने त्यातून बाहेर पडलेल्या ह्या बाईंनी आपली हकीकत जाहीरपणे सांगितली, आणि तीच त्यांच्या कामाची पहिली पायरी ठरली. गटाच्या बैठकीत रुग्ण आणि नातलग येतात, बोलतात, एकमेकांचे ऐकतात. अपस्मार असलेल्या तरुणतरुणींसाठी वधूवर मेळावेही त्यांनी भरविले. आजार आधी सांगून जुळविलेले लग्न ही १९७६ च्या मानाने केवढी क्रांती आहे! तसेच डॉ. निर्मल सूर्य ह्यांच्या एपिलेप्सी फाउंडेशनने राज्याच्या आरोग्य खात्याच्या साहाय्याने जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिरे घेतली, आणि ज्यांना तज्ज्ञ डॉक्टर कधी दिसलाही नव्हता त्यांच्यापर्यंत तपासणी पोचली.

अशा कामाला शास्त्राचा आधार आहे काय, असे कोणी विचारील. तो आहे, आणि तो ह्या विषयाचा गाभा आहे. १९९५ च्या सुमारास अमेरिकेत अपस्मारी प्रौढांचे जीवनमान मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार झाली. तिच्या विस्तृत रूपात ८९ प्रश्न आहेत, संक्षिप्त रूपात ३१. फिट किती येतात एवढेच ती विचारीत नाही. पुढची फिट केव्हा येईल ह्याची धास्ती किती, मन उदास असते काय, अंगात उत्साह असतो काय, स्मरण चालते काय, औषधाचा त्रास काय, लोकांत मिसळता येते काय, हेही विचारते. २००४ साली ‘न्यूरॉलॉजी’ ह्या नियतकालिकात औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, ह्या रुग्णांच्या जीवनमानाचा अंदाज फिटच्या संख्येवरून बांधता येत नव्हता. खिन्नतेवरून मात्र बांधता येत होता. फिट पूर्ण थांबल्या तर जीवन पालटते, ह्यात शंका नाही. पण महिन्याला सहाच्या चार झाल्या एवढ्याने माणूस सुखी होतो असे नाही. आणि त्या दोन फिट कमी करण्यासाठी औषधे वाढवून तो दिवसभर पेंगू लागला, तर तो अधिकच दुःखी होतो. उलट खिन्नतेवर उपचार झाला, औषधांची मात्रा झेपेल अशी बसविली, दिवसाला काही काम आणि सोबत मिळाली, तर फिट तेवढ्याच असूनही आयुष्य सुधारते. म्हणून प्रत्येक तपासणीत फिटच्या वहीबरोबर मनाचीही चौकशी झाली पाहिजे. रुग्णाने ती मागावी. डॉक्टरांनी विचारले नाही तर आपण सांगावे.

आता चरकाचा तो इशारा आपल्या शहराला लावून पाहू. पाणी म्हणजे येथे वसईची खाडी आणि उत्तनचा समुद्र. पण त्याहूनही जवळ, न्हाणीघरातील बादली. अग्नी म्हणजे गॅसची शेगडी. डोंगराच्या ठिकाणी आता उंच इमारतींच्या गच्च्या आणि आगगाडीचे उघडे दार आले आहे. न्हाणीघराला आतून कडी न लावणे, एकट्याने पोहावयास किंवा होडीवर न जाणे, शेगडीच्या मागच्या बाजूच्या चुलीवर शिजविणे, गाडीत दारापासून आणि फलाटावर कडेपासून दूर उभे राहणे : ह्या गोष्टींना पैसा लागत नाही. वाहन चालविण्याच्या परवान्याच्या अर्जातच अपस्माराविषयी प्रश्न असतो, आणि फिट येत असताना दुचाकी चालविणे हे स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या जिवाशी खेळणे आहे. ह्या रोगाने क्वचित झोपेत अकस्मात मृत्यूही येतो. प्रौढांत वर्षाला हजारी एक असे त्याचे प्रमाण सांगतात. भीती घालण्यासाठी हे सांगत नाही. मोठ्या फिट जितक्या कमी तितका हा धोका कमी, म्हणून गोळी न चुकविणे आणि रात्री जवळ कोणी असणे ह्यांचे मोल कळावे, एवढ्यासाठी सांगतो. मूल हवे असलेल्या स्त्रीने आधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण व्हॅल्प्रोएटसारखे औषध गर्भाला अपाय करू शकते. पण भिऊन स्वतःच औषध थांबविणे त्याहून घातक.

जपण्यालाही मर्यादा हवी. कित्येक घरांत पस्तीस वर्षांच्या माणसाला नाक्यावर भाजी आणावयास एकटे पाठवीत नाहीत. आईबाप जिवंत आहेत तोवर हे चालते; पुढे काय, ह्या विचाराने तीच आईबापे रात्र रात्र जागतात. पाश्चात्त्य वसाहतीची भिंत आपण घरातल्या घरात बांधली आहे. कोणता धोका खरा आणि कोणता नुसता भयाचा, हे डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवून बाकीचे दार उघडावयास हवे.

आणि शेजाऱ्यांचे काम? फिट आली की कोणी कांदा आणतो, कोणी वहाण नाकाशी धरतो, कोणी मुठीत लोखंडी किल्ली कोंबतो. फिट बहुधा एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते, आणि श्रेय कांद्याला जाते. ह्या साध्या योगायोगावर ती समजूत आजवर टिकली आहे. करावयाचे ते सोपे आहे : आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ काही द्यावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, एका कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. दाबून धरू नये. तोंडात काही घालू नये, पाणीही नको. पाच मिनिटांत थांबली नाही, शुद्ध येण्याआधी दुसरी आली, किंवा पाण्यात आली, तर रुग्णालयात न्यावे. तसेच सर्वच फिट जमिनीवर आपटणाऱ्या नसतात. औषधांना दाद न देणाऱ्या पुष्कळ प्रौढांची फिट अशी असते की, माणूस शून्यात पाहतो, ओठ चावल्यासारखे करतो, सदऱ्याची गुंडी चाचपतो, विचारले तर उत्तर देत नाही. गाडीत त्याला दारुडा समजून ढकलतात. तो दारुडा नसून दोन मिनिटांपुरता हरवलेला असतो, एवढे शंभर प्रवाशांपैकी एकाला जरी ठाऊक असले तरी पुरे.

नोकरीचा प्रश्न अजून उभा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत; दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या आजारांचा वर्ग त्यात आहे, पण अपस्माराचे नाव घेतलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने २०२२ मध्ये अपस्मारादी विकारांसाठी २०३१ पर्यंतचा कृति-कार्यक्रम संमत केला. उपचाराइतकेच हक्कांवर त्यात बोट ठेवले आहे. त्याची वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही. यंत्रावरची, उंचीवरची आणि रात्रपाळीची कामे सोडली तर हिशेब, शिकवणी, दुकान, शिलाई, संगणक अशी कितीतरी कामे ही माणसे करू शकतात. भाईंदरच्या कारखानदारांनी आणि दुकानदारांनी असा एकेक माणूस, आजार ठाऊक असून, ठेवला तर कोणत्याही परिपत्रकाहून ते मोठे काम होईल. आणि येथील एखाद्या वाचनालयाच्या खोलीत महिन्यातून एक रविवार असा गट बसू लागला, तर त्याला चार खुर्च्या आणि एक चहाची किटली ह्यांपलीकडे काही लागणार नाही.

पहिला इतिहास प्रयोगशाळेत घडतो. त्यात आपल्याला फारसे करता येत नाही. दुसरा इतिहास वधूपरीक्षेच्या बैठकीत, कचेरीत, फलाटावर आणि शेजारच्या दारात घडत असतो, आणि तेथे आपण सगळे हजर असतो. कायद्यातील एक-दोन शब्द पुसण्यास ह्या देशाला २३ वर्षे लागली. ‘त्याला जरा तसे होते’ हे वाक्य आपल्या घरांतून पुसले जाण्यास त्याहून कमी वर्षे लागावीत, एवढी अपेक्षा ह्या शहराकडून करणे अवाजवी होणार नाही.